मोटारखान्याचं दार

१

लढाई संपून पेट्रोल पुन्हा मिळायला लागलं त्या साली आमच्या घरी मोटार आली, आणि लोहाऱ्यात मोटारीपेक्षा जास्त बोलणं तिच्या दाराचं झालं.

मोटार सोलापूरहून जुनी घेतलेली. माझ्या लेकीचे, नीलीचे आप्पा, म्हणजे आमचे मालक, तिच्यातून नळदुर्गाकडं, उमरग्याकडं माणसं आणि शेंगांची पोती न्यायचे. घराला लागून, रस्त्याच्या अंगाला शेंगा ठेवायचा लांबट गाळा होता. त्याचाच मोटारखाना केला. पण मोटारीला एक खोड होती. उभी राहिली की बंद पडायची. दार उघडायला हे खाली उतरले की ती फुर्र करून गप्प. मग हँडल मारा, घाम गाळा, पुन्हा हँडल मारा. समोरच्या ओट्यावर धुरपदाबाई वाती वळत बसलेल्या असायच्या. त्या रोज विचारायच्या, "मल्लूशेट, बैल पाठवू का वढायला?"

शेवटी यांनी मनावर घेतलं. उतरायला न लागता उघडेल असं दार पाहिजे.

अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई शरणम्मा, म्हणाल्या, "एक माणूस ठेव की."

"माणूस सांजच्याला हाटेलात जाऊन बसंल. मी बाहेर, मोटार बाहेर."

मी म्हणाले, "मी उघडीन."

"नीली काखंत, भाकर तव्यावर, अन् दाराला तू? मग जेवायला कोण घालणार मला, मोटार?"

लिंबाजी सुताराला बोलावलं. लिंबाजी कामाचा बरा, पण बोलण्याचा फार मोठा. त्यानं गाळ्यासमोर उभं राहून सगळ्या दारांची यादीच केली. दोन फळ्यांचं बाहेर उघडणारं दार नको, रस्त्यावर गाडीच्या बैलाच्या तोंडावर बसेल. आत उघडणारं नको, मोटारीवर बसेल. सरकतं करायचं तर लोखंडी पट्टी हवी आणि ती पट्टी दगडमातीनं भरणार. मग त्यानं हात वर केला.

"वर जाणारं दार करू. हैद्राबादंत बी न्हाय असलं."

"वर कसं जाईल?" मी विचारलं.

"मोट कशी वर येती, वहिनी? तसंच. बैलाच्या जागी धोंडे."

२

ते दार असं होतं. पत्रा मारलेली सागवानी चौकट, दोन्ही बाजूंच्या खाचांतून वरखाली होणारी. तिला साखळी. साखळी आढ्याजवळच्या चाकावरून पलीकडं गेलेली, आणि तिच्या टोकाला धोंड्यांनी भरलेली पेटी. पेटी दारापेक्षा जड, म्हणून ती खाली यायला बघणार आणि दार वर जायला बघणार. त्या दोघांना धरून ठेवायला एक खिट्टी. बाहेर उतारावर एक रुंद फळी बसवलेली. मोटारीचं पुढचं चाक फळीवर आलं की तार ओढली जायची, खिट्टी सुटायची, पेटी खाली, दार वर. मोटार बाहेर काढताना खिट्टी आतून हातानं काढायची. बंद करायचं तेही आतून. आत उभं राहून दाराला बांधलेली दोरी खाली ओढायची, खिट्टी टक् करून बसेपर्यंत. मग आतल्या लहान दारानं घराच्या चौकात यायचं.

सगळे लिंबाजीची वाहवा करत होते आणि मी नीलीकडं बघत होते. नीली नुकती पळायला लागली होती. चालता येईना तोवर ती बसून सरकली आणि एक दिवस उठली ती पळतच सुटली. ती फळीवर गेली, दार वर गेलं, ती खाली उभी राहिली आणि दार पडलं तर?

"एवढंसं लेकरू, फळीला कळणार बी न्हाय," लिंबाजी म्हणाला.

"आधी दाखवा," मी म्हणाले.

मग जी मजा झाली ती अजून आठवते. आधी मी फळीवर उभी राहिले. काही नाही. यांनी उडी मारली. काही नाही. अत्तींनी "शिवा शिवा" म्हणत पदर खोचला आणि त्याही चढल्या. आम्ही तिघं एकमेकांना धरून उड्या मारत होतो आणि दार ढिम्म. धुरपदाबाई ओट्यावरून ओरडल्या, "थांबा गं, म्या येते!"

हे म्हणाले, "आता मात्र उघडणार."

"मेल्या, तुझ्या मोटारीत बसते तवा दोन माणसाचं भाडं घेतूस, म्हाईत हाय मला!" असं म्हणत त्या आल्या आणि चढल्या. तरी दार हललं नाही. लिंबाजीनं मग मोटार आणायला सांगितली. तिचं चाक फळीला टेकलं मात्र, साखळी किर्रर्र वाजली, पेटी खड्‌ करून खाली बसली आणि दार वर गेलं. रस्त्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. अत्तींनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला.

माझा जीव भांड्यात पडला. बाहेरून मोटारीशिवाय कुणाच्यानंही ते उघडणार नव्हतं.

३

दाराची निगा माझ्याकडं आली. मी सोलापूरला सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून मला यंत्रातलं कळतं असं अत्तींचं मत. चाकाला एरंडेल घालायचं, फळीखालची माती काढायची, दोरीचा पीळ कुठं सुटला का बघायचं. मला ते काम आवडायचं. भीती वाटते त्या वस्तूला रोज हात लावला की भीती जरा लहान होते.

संध्याकाळचा क्रम ठरून गेला. फळी धप्प. साखळी किर्रर्र. पेटी खड्. मोटार आत येऊन गप्प. मग दोरीचा सरसर आवाज, खिट्टी टक्. ते ऐकलं की नीली हातातलं टाकून आतल्या दाराकडं पळायची.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि हाकही मारत नाहीत. जे बोलायचं ते लेकराच्या तोंडून. "नीले, आप्पा आले बघ." "नीले, आप्पांना विचार, पाणी काढू का?" नीलीला निम्मं कळायचं, निम्मं नाही, पण ती मोठ्या रुबाबात जायची आणि "आप्पा, पानी" एवढं सांगून यायची.

आषाढातली एक संध्याकाळ. मी चुलीपुढं होते. फळी वाजली, साखळी वाजली, पेटी बसली. दोरी सरसरली. टक्. मी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाले, "नीले, आप्पा आले बघ."

ती पळाली. आतलं दार नुसतं लोटलेलं असायचं, ते ढकलून आत गेली. आत तिचं हसणं ऐकू आलं. भाकरी फुगली, उतरवली, दुसरी टाकली. तरी हे चौकात आले नाहीत. मी उठून बघायला गेले.

मोटारखाना रिकामा होता. नीली मधोमध उभी होती, मान वर करून. रस्त्याकडचं दार बंद होतं.

मी तिला उचलून आणलं. भाकरी करपली होती. थोड्या वेळानं पुन्हा फळी वाजली, साखळी वाजली, मोटारीची घरघर आली, आणि हे घाम पुसत चौकात आले. "भूक लागलीया," म्हणाले.

मी विचार केला. पहिल्या खेपेला मोटारीची घरघर मी ऐकली होती का? चूल, भाकरी, लेकरू. आठवेना. पावसानं लाकूड फुगलं असेल, खिट्टी आपोआप सुटली असेल. असेल. पण उघडलेलं दार पुन्हा खाली यायला आतून कुणीतरी दोरी ओढावी लागते.

४

तीनचार दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग वरचेवर व्हायला लागलं. आधी नुसतं दार, मग जरा वेळानं मोटार.

घरात याचा आनंदच झाला. अत्ती म्हणाल्या, "किती गुणाचं दार! माझ्या लेकाची वर्दी देतंया." दार वाजलं की त्या पाणी तापवायला ठेवायच्या, मी पीठ मळायला घ्यायची, आणि हे येईपर्यंत सगळं गरम. यांना रोज फुगलेली भाकरी मिळायला लागली. ते धुरपदाबाईंना सांगायचे, "माझी मोटार माझ्या आधी घरी येती."

"तुझ्यापरीस तिलाच घराची वढ हाय म्हन की," त्या म्हणायच्या.

लिंबाजीला बोलावलं तर तो फळीभोवती फिरला, साखळीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "लांबून मोटार येती, तिचा हादरा जमिनीतनं आधी येतुया." स्वतःलाच ते इतकं पटलं की त्यानं ते हाटेलात जाऊन सगळ्यांना सांगितलं.

मी फळीखाली चुना भुरभुरला. हादऱ्यानं उघडलं तर चुना तसाच राहील, वजनानं उघडलं तर दबेल. संध्याकाळी दार वाजल्यावर, मोटार यायच्या आधी, मी रस्त्याच्या बाजूनं पळत जाऊन बघितलं.

चुना दबून सपाट झाला होता. फळीवर मात्र ओल्या मातीचा ठसा नव्हता, ना चाकाचा, ना पायाचा.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? त्या दिवशी घरात हसणं चाललं होतं. नीली नवा शब्द शिकली होती, "वर". सगळ्यांना हात पसरून दाखवत होती, वर, वर.

५

ती तो शब्द कुठं शिकली ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

दार वाजलं. खिट्टी बसली. नीली माझ्या हाताखालून निसटून आत गेली. मी पिठाचे हात तसेच घेऊन मागं धावले. मला उशीर झाला तो एवढासाच, हातातली परात खाली ठेवण्याइतका.

मोटारखान्याच्या भिंतीला शेंगांच्या पोत्यांची थप्पी होती. माझ्या डोक्याच्याही वर जाणारी. नीली त्या थप्पीवर सगळ्यात वरच्या पोत्यावर बसली होती. पाय हलवत. गुदगुल्या केल्यासारखी हसत.

"वर," ती म्हणाली.

मला तिथपर्यंत हात पुरेना. मी डबा ओढला, त्यावर चढले, तिला काढलं. तिच्या झबल्याला पेट्रोलचा वास होता. रोज आप्पांच्या कडेवर बसून येते तेव्हा येतो तसा, ताजा. आणि आप्पा अजून उमरग्याच्या रस्त्यावर कुठंतरी होते.

रात्री मी यांना सांगितलं. नीलीला मांडीवर घेऊन, तिच्याकडं बघत, "नीले, आप्पांना सांग, ते दार काढून टाका म्हणावं."

"का गं नीले?" हेही तिच्याशीच बोलले. "तुझ्या आईला भ्या वाटतंय का?"

"सांग, तुला थप्पीवर कुणी ठेवलं."

"आप्पा," नीली म्हणाली आणि यांच्या मिशीला हात लावला.

हे खदखदून हसले. "बघा! चढली स्वतः आन् नाव बापाचं. पक्की व्यापाऱ्याची पोर!" अत्तीही हसल्या. त्यांचं हसणं असं असतं की आपल्यालाही हसू येतंच. मीही हसले. पण मांडीवरच्या नीलीला सोडलं नाही.

कारण रोज संध्याकाळी तिला तिकडं कोण पाठवत होतं? मीच. जे कोण आलं असेल त्याच्याकडं बोट करून, आप्पा आले बघ, असं मीच तिला शिकवलं होतं. तिनं वेगळं काय ओळखायचं?

६

दुसऱ्या दिवसापासून मी आतल्या दाराला चौकातून कडी घालायला लागले. वरची कडी, नीलीचा हात न पोचणारी. हे खरोखर आले आणि त्यांनी आवाज दिला की मगच काढायची. यांना रोज दारात थांबावं लागायला लागलं. ते वैतागायचे, पण लाडानं. "आमच्या घरात करोडगिरीचा नाका बसलाय. माल तपासल्याबिगर आत घेत न्हायत."

नीली मात्र रडली. दार वाजायचं, ती पळत जाऊन आतल्या बंद दाराला गाल लावायची आणि तिच्या भाषेत काहीबाही बोलत राहायची. बाहुली, भात, आई, वर. मधेच थांबायची. मग पुन्हा बोलायची. पलीकडून काहीच ऐकू यायचं नाही. पण शांतता दोन तऱ्हेची असते. रिकाम्या खोलीची एक, आणि कुणीतरी मान डोलावत ऐकतंय त्याची एक.

माझ्या बुद्धीनं मी स्वतःला बजावलं. लेकरं भिंतीशीही बोलतात. मीही लहानपणी जात्याशी बोलायची. आणि खरं सांगायचं तर तिला काही इजा झाली नव्हती. तिचं खाणं वाढलं होतं, गालावर रंग आला होता. घर कधी नव्हे इतकं हसतं होतं. मला एवढंच कळत नव्हतं की तिला एवढं हसवणाऱ्याला तिच्याकडून काय पाहिजे.

७

श्रावणातला सोमवार. त्या दिवशी हे मोटार बाहेर काढत नसत. सकाळी देवळात जाऊन आले, दुपारी झोपले, आणि ऊन कललं तसा सगळ्यांनी चौकात बसून सोमवार सोडला. अत्तींनी गव्हाची हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गुळाची खीर, केली होती. धुरपदाबाई वाडगा घेऊन आल्या होत्या, "चवीपुरती" म्हणत तिसऱ्यांदा वाढून घेत होत्या. नीली आप्पांच्या मांडीवर. ते तिला बोटानं हुग्गी चाटवत होते आणि ती त्यांचंच बोट चावत होती. मोटार सकाळपासून मोटारखान्यात उभी. हेच मघाशी तिला पुसून चौकात आले होते. आतलं दार नुसतं लोटलेलं राहिलं. मी कडी घातली नव्हती. मालक घरातच आहेत, आज कशाला कडी?

फळी वाजली. धप्प.

साखळी किर्रर्र. पेटी खड्.

धुरपदाबाईंचा घास हातात राहिला. अत्तींनी लेकाकडं बघितलं. तो समोर बसलेला, मिशीला हुग्गी लागलेली.

मग दोरी सरसरली. सावकाश, सवयीच्या हातानं. टक्.

"आँ?" हे म्हणाले.

नीलीनं आप्पांच्या तोंडाकडं बघितलं. मग आतल्या दाराकडं बघितलं. पुन्हा आप्पांकडं. तिच्या कपाळाला आठी पडली, आणि लगेच मिटली. जणू तिचं ठरलं. ती मांडीवरून सरकली आणि पळाली. "आप्पा! आप्पा!"

दार तिनं ढकललं. ते अर्धं उघडलं. उंबरठ्यावर तिनं दोन्ही हात वर केले.

माझ्या तोंडात रोजचाच शब्द आला होता, आप्पा. पण त्या हाकेला कोण ओ देईल याची मला खात्री नव्हती. मी उभी राहिले आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा, लग्नातल्या उखाण्याशिवाय, भर चौकात, सासूसमोर, नुसतं नाव घेऊन किंचाळले, "मल्लिकार्जुन!"

"ओ!" माझ्या मागून आवाज आला. भरल्या तोंडानं, दचकून, शाळेत गुरुजींनी हजेरी घ्यावी तसा.

नीली थांबली. वळली. हात तसेच वर. तिनं चौकातल्या आप्पांकडं बघितलं आणि ती खुदकन हसली. चूक आपली होती हे तिला कळलं असावं. ती त्यांच्याकडं परत पळाली आणि त्यांनी तिला उचलून थेट खांद्यावर घेतलं.

मग धुरपदाबाईंनी कपाळावर हात मारला. "शरणम्मा, ऐकलं का! सुनंनं नाव घेतलं! आन् घेतलं ते बी अक्षी पुरं! म्या तर नुसतं मल्लू म्हनते!"

अत्ती हसायला लागल्या त्या थांबेचनात. पदर तोंडात घातला तरी थांबेनात. हे लाजून लालभडक झाले होते आणि तितकेच खूश. "आणिक एकदा घे की," म्हणाले.

त्या हसण्यात फक्त मला ऐकू आलं. मोटारखान्यात कुणीतरी आतून खिट्टी काढली. साखळी किर्रर्र. दार वर गेलं. ते खाली ओढल्याचा आवाज मात्र आला नाही.

मी आतल्या अर्ध्या उघड्या दारातून बघितलं. मोटार जागच्या जागी. तिच्यापलीकडं रस्ता, आणि रस्त्यावर कललेलं पिवळं ऊन. उन्हातून एक माणूस पाठमोरा चालला होता. अंगात करडा कोट. कोटाच्या उजव्या खांद्याला काळ्या दोऱ्याची शिवण, जरा वाकडी. ती मी घातलेली. करडा दोरा मिळाला नाही म्हणून काळा घेतला होता. मी मान फिरवली. यांचा तो कोट चौकात खुंटीला होता.

पुन्हा पुढं बघितलं. तो सावकाश चालला होता, घाई नसल्यासारखा. एक हात बाजूला, खाली धरलेला. बोटं जराशी वळलेली. रोज सकाळी नीली ज्या उंचीवर यांचं बोट धरते, तेवढ्याच उंचीवर. त्या हाताखाली काही नव्हतं. नुसती धूळ.

हे नीलीला खांद्यावर घेऊन माझ्या मागं येऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यावर ऊन येत होतं. त्यांनी डोळे बारीक करून खिट्टीकडं बघितलं. "झिजली वाटतं. उद्या लिंबाजीला बलावतो, काढूनच टाकू. तूच उघडत जा दार. तुझा आवाज तर आता उमरग्यापातुर पोचला."

नीली त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत होती. तिला ऊन लागत नव्हतं की काय कोण जाणे. तिनं हात हलवला आणि मोठ्यानं हाक मारली, आम्ही तिला मारतो तशी.

"नीले! ए नीले!"

मागं चौकात पुन्हा हशा उसळला. "येडी गं बाई," अत्ती म्हणाल्या, "सोताच सोताला हाक मारती!"

रस्त्यावरचा माणूस थांबला नाही, वळला नाही. पण त्याची खाली धरलेली बोटं मागं ओढली गेली. चालताचालता लेकरू मागं वळून बघायला लागलं की बापाची बोटं ओढली जातात, तशी.